धर्मराजांच्या घरचं आमेन

धर्मराज उजागरे आणि मी अंबरनाथला वीसेक वर्षं शेजारी आहोत. मी एका कारखान्यात हिशेब पाहतो. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. धर्मराजांचं उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. शटर वर केलं की आधी प्रार्थना, मगच पान्याला हात. ताटकळलेलं सिंधी गिऱ्हाईक म्हणे, "साईं, ऊपरवाले को मेरा भी बोलो, माल आज जाना है!"

घरी जेवणाआधीची प्रार्थना याहून लांब. चर्चच्या मंडळीतले आजारी, परगावचे नातेवाईक, बिल्डिंगची पाण्याची मोटर, सगळे तीत येत. वरण निवायला लागलं की इंदुवहिनी मध्येच मोठ्यानं "आमेन!" म्हणत. "देवाला कळलं सगळं. जेवा आता."

त्यांच्याकडच्या पहिल्या नाताळाला मला हे ठाऊक नव्हतं. मी करंजी उचलली, तर धर्मराजांनी माझं मनगट हळूच धरलं आणि प्रार्थना संपेपर्यंत सोडलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. दवाखान्यात नाकातल्या नळीचा त्यांना इतका त्रास व्हायचा, की ती उपटू नये म्हणून डावा हात बांधून ठेवावा लागे. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता गिळता येतंय, तोंडानं भरवा. नाही खाल्लं तर पुन्हा नळी."

घरी आले आणि खाईनात. वहिनी मऊ भाताचा चमचा पुढे करत, धर्मराज डाव्या हातानं अडवत. सकाळ गेली, दुपार गेली. संध्याकाळी वहिनींनी मला बोलावलं.

"भाऊजी, तुम्ही तरी समजवा. पुन्हा हात बांधलेला नाही बघवणार मला."

"चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले ना?"

"आले होते. मी सांगितलं, प्रार्थना तुम्ही करा, मला सांगू नका. जन्मभर यांनी त्याचंच नाव घेतलं, आणि त्यानं यांची जीभच काढून घेतली."

बोलता बोलता त्यांनी चमचा पुढे केला. धर्मराजांचा हात वर आला. मी जवळून पाहिलं. ते चमचा ढकलत नव्हते. त्यांनी वहिनींचं मनगट धरलं होतं, आणि डोळे मिटले होते.

"वहिनी, ते नको म्हणत नाहीयेत. त्या पहिल्या नाताळात माझा हात असाच धरला होता."

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग चमचा वाटीत ठेवला.

"मला नाही हो जमत तुमच्यासारखं."

मनगट सुटलं नाही.

"देवा," त्या म्हणाल्या, "मी रागावलेय तुझ्यावर. गोड बोलायला जमणार नाही. पण या माणसाला भूक लागलीय आणि तुला विचारल्याशिवाय तो घास घेत नाही. तेव्हा ये, बस इथं. येशूच्या नावानं मागते, आमेन."

हात खाली आला. धर्मराजांनी तोंड उघडलं. अर्धी वाटी भात गेला. नळी पुन्हा लागली नाही.

त्यानंतर वहिनी रोज प्रार्थना करू लागल्या. आधी नुसती भांडणं. मग एके दिवशी दवाखान्यात शेजारच्या खाटेवर असलेला म्हातारा त्यात आला, नंतर मोटरही आली.

"राग गेला का?" मी विचारलं.

"आहे थोडा. पण आता त्यालाच सांगते."

परवा रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. प्रार्थना माझ्या निवृत्तीपर्यंत पोचली, "भाऊजींना घरात बसणं सोसू दे, आणि त्यांच्या बायकोलाही." मटण निवत होतं. धर्मराजांनी एक डोळा उघडून वाटीकडे पाहिलं. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताणल्या, आणि शब्द बाहेर पडला.

"आ...मेन!"

आजारानंतर त्यांच्या तोंडून आलेला पहिलाच शब्द. मी गडबडीनं भाकरी मोडली.

वहिनींचे डोळे मिटलेलेच होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"थांबा हो दोघं," त्या म्हणाल्या. "आभार मानायचे राहिलेत अजून."

मी भाकरी परत ताटात ठेवली.