हालस

माझे वडील, आप्पा, पांडेसऱ्यातल्या साडीछपाईच्या मिलमध्ये ट्रेसिंग करायचे. डिझाइनमधला एकेक रंग वेगळा काढून फिल्मवर हाताने उतरवायचा. वीस वर्षं तेच. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा शेठने सांगितलं, आता हे काम कॉम्प्युटरवर. जमलं तर खुर्ची तुमची, नाहीतर दुसरा माणूस बघू. मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड मात्र आप्पांनीच पसंत करायचं, कारण दिवसभर डोळे त्यांचे लागणार. वीस वर्षं खात्यात आपल्याच माणसांत काढलेल्या आप्पांना गुजराती जेमतेम कळायचं; मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, गुजराती फाडफाड बोलायचे, म्हणून सोबत गेले.

कतारगामच्या काठियावाडी दुकानदाराने मॉनिटर-कार्डाच्या दोन जोड्या लावून दाखवल्या. आप्पांनी पहिल्या पडद्याकडे समोरून पाहिलं, मग मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून.

"हालस," ते म्हणाले. आमच्या अहिराणीत, हलतंय.

"हाले ज ने, काका! मस्त हाले!" दुकानदार खूश. त्याच्या बोलीत हाले म्हणजे चालतं. त्याने त्याच जोडीचं खोकं पुढे ओढलं. दुसरीचं चित्र अगदी स्थिर होतं.

"सांग ना त्याले," आप्पा मला म्हणाले.

मला दोन्ही अर्थ कळले होते. पण बाजूला इस्त्रीच्या कपड्यातली गिऱ्हाइकं उभी होती, आणि चारचौघांत आप्पा अहिराणी बोलले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी गुजरातीत घाईघाईने विचारलं, सामान आजच पोचवाल का?

"ना ना, आजे नहीं थाय."

आज नाही जमणार, एवढंच तो म्हणाला; आप्पांनी त्यातला नकार तेवढा ऐकला आणि मान डोलावली. आम्ही निघालो.

पुढचे आठ महिने त्यांचं डोकं दुखायचं, डोळ्यांतून पाणी गळायचं. काठाचा लाल रंग बुट्ट्यांत मिसळू लागला. शेठने खुर्ची मला दिली. मी बसले. वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. पहिल्याच आठवड्यात शेठला सांगितलं, चित्र थरथरतं, कार्ड बदला. चार दिवसांत नवीन आलं.

त्या दिवशी जेवताना आई तणतणली, "तिले कार्ड दिधं, मंग तुमले का नही?"

"पोरनी तवयच सांगं व्हतं," आप्पा म्हणाले. "दुकानदारच नही म्हने."

मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.