साफ परत येणारी भांडी

मंगळवार, ४ मार्च २०१४. नळाला पाणी उशिरा आलं. उशांचे अभ्रे धुतले. भावजी सव्वासहाला कामावर गेले, पावणेचारला परतले. त्यांच्याकडे कुत्र्यांच्या दवाखान्यात सात नंबरच्या खोलीत एक म्हातारी कुत्री आली आहे, मूत्रपिंडं अधू झालेली. मालक शिंपी. लेकीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे परगावी जातो आहे. भावजी म्हणाले, “येईल तेव्हा ओळखणार नाही तिला, अशी करून देतो.”

वहिनींच्या वहीतले हे भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. बाहेर सगळे त्यांना काटेमामा म्हणत. लग्न केलं नाही. थोरला भाऊ गेला, तरी त्याच्या घरातली पुढची खोली त्यांनी सोडली नाही आणि वहिनींनीही सोडायला सांगितलं नाही. नन्सच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकलेल्या वहिनी रोज संध्याकाळी दिवसभराची नोंद लिहायच्या. आठवीत गटांगळी खाल्लेले काटेमामा पलीकडे बसून स्वतःच्या कामाची वही लिहायचे. घरात माणसं दोन आणि वह्याही दोन.

काटेमामांचं सगळं आयुष्य वजनात गेलं होतं. एकोणिसाव्या वर्षी ते मोठ्या इस्पितळाच्या पथ्याच्या स्वयंपाकघरात लागले आणि अडतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. पिवळं कार्ड बिनमिठाचं, निळं साखरेच्या रोग्याचं, पांढरं साधं. भात, भाजी, अंडं, सगळं काट्यावर ठेवून मगच ताटात. वाढण्याइतकंच महत्त्व परत आलेल्या ताटाला. उरलंसुरलं पुन्हा काट्यावर ठेवायचं आणि कार्डावर आकडा टाकायचा. ताट साफ आलं म्हणजे रोगी जेवला. या एका वाक्यावर त्यांची अडतीस वर्षं निभावली.

निवृत्तीनंतरचे सहा महिने वहिनींना जड गेले. ताटावर बसलं की यांचं सुरू, “वहिनी, आज भाजीत मीठ दोन ग्रॅम जास्त पडलंय.”

“भावजी, माझ्या हाताला काटा बसवलेला नाही. तुमच्या जिभेला बसवलाय, तो जरा काढून ठेवा.”

त्यामुळे ओळखीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी जेव्हा कुत्र्यांचा दवाखाना काढला, मागे कुत्री ठेवून घ्यायला चौदा खोल्या बांधल्या आणि स्वयंपाकासाठी काटेमामांना विचारलं, तेव्हा त्यांच्याआधी वहिनीच हो म्हणाल्या.

तिथे काटेमामांचा जम बसला. एकाला शेरभर भात आणि दुसऱ्याला उरलेला, हा प्रकार त्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद केला. प्रत्येक खोलीला कार्ड आणि प्रत्येक भांड्याला तेलरंगाने नंबर. पिल्लांचं वेगळं, म्हाताऱ्यांचं वेगळं, आजाऱ्यांचं त्याहून वेगळं. चहात बुडवलेली बिस्किटं नि ताटातली हाडं घालून कुत्र्याचे लाड करणारे मालक आले, की काटेमामा हातातला डाव न ठेवताच त्यांना फैलावर घ्यायचे. “मीठ नको, कांदा नको, शिजवलेलं हाड तर मुळीच नको. नुसतं मांस घातलं म्हणजे झालं असंही नाही, चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा अंश कमी पडतो. तुमच्या पोटाचं नाही हे, त्याच्या पोटाचं आहे.” खरजेने सोलवटलेली कुत्री त्यांच्या हातचं खाऊन तुकतुकीत झाली. साखर असलेल्या एका आंधळ्या कुत्र्याला त्यांनी घड्याळ लावून दोन वर्षं जगवलं. डॉक्टरीणबाई लोकांना सांगायच्या, “औषध माझं अर्धं, मामांचं अर्धं.” हे वाक्य काटेमामा घरी येऊन बिलकुल फुशारकी न मारता सांगायचे, पण महिन्यातून तीनदा सांगायचे.

शिंपी आला त्या दिवशी काटेमामांनी त्याला स्वयंपाकघरातच उभं केलं. कार्ड तयार होतं. भात इतका, अंड्याचा पांढरा बलक इतका, कोंबडी अगदी थोडी, उकडलेला भोपळा, माशाच्या तेलाचे थेंब, मीठ शून्य.

“छान आहे,” शिंपी म्हणाला. वाकलेला, पुटपुटत बोलणारा माणूस. “फक्त एक आहे मामा. ती एकटी जेवत नाही. कुणीतरी शेजारी बसावं लागतं. मी मशीन थांबवून बसतो. पहिले चार घास हातानं द्यायचे, मग खाते ती.”

“अहो, आमच्या इस्पितळात प्रत्येक रोग्याची बायको हेच सांगायची. माझ्याशिवाय घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली! ती गेली की गडी दोन वाट्या भात ओढायचा.”

शिंपी हसला. “बसाल ना पण?”

“भूक बसते शेजारी. तुम्ही निर्धास्त जा.”

कार्डावर भाताची, बलकाची, भोपळ्याची, तेलाची जागा होती. शेजारी बसण्याची नव्हती.

पुढचे चौदा दिवस सात नंबरचं भांडं दोन्ही वेळा लख्ख साफ होऊन आलं. भांडी खोल्यांत ठेवायची नि गोळा करायची ती सफाईवाली बाई. काटेमामा भांडं काट्यावर ठेवायचे, आकडा लिहायचे आणि खूश व्हायचे. “बघ, म्हणे एकटी जेवत नाही!” सफाईवालीने एकदा काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं. “मामा, ते सातचं भांडं—” पण मामांचं बोट आकड्यावर होतं, ते म्हणाले, “मध्ये बोलू नकोस गं, चुकेन.” ती बादली उचलून निघून गेली.

अठरा तारखेला पंधरवड्याचं वजन झालं. कुत्र्यांना एकेक करून जमिनीतल्या मोठ्या काट्यावर उभं करायचं. सात नंबर आली तेव्हा काटेमामांना आधी वाटलं, काटा बिघडला. सतरा किलोंची साडेतेरा झाली होती. पाठीचे मणके हाताला मोजता येत होते. तिच्या मागून आठ नंबर आला. तो वजन उतरवायलाच ठेवलेला, थोराड, चपट्या नाकाचा. त्याला तर काटेमामा मुठीएवढं मांस नि भोपळाच द्यायचे. त्याचं वजन तीन किलोंनी वाढलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी वही मागितली. पान उलटलं, पुन्हा मागे आल्या. “खाल्लंय तर सगळं. म्हणजे मूत्रपिंडंच ढासळली. सलाइन लावू.”

दुपारच्या जेवणाला सातचं भांडं काटेमामांनी स्वतः नेलं, ठेवलं आणि कोपऱ्यात बादली पालथी घालून बसले. दवाखान्यातल्या आठ वर्षांत ते पहिल्यांदाच खोल्यांच्या बाजूला बसले होते. कुत्रीने भांड्याकडे पाहिलं, काटेमामांकडे पाहिलं आणि मान खाली टाकली. खोल्यांमध्ये लोखंडी जाळी होती, पण फरशी धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून जाळीखाली वीतभर जागा मोकळी होती. तिथून आठ नंबरचा पंजा आला. सराईतपणे, अगदी सावकाश, त्याने भांडं आपल्याकडे ओढलं.

काटेमामा उठून सफाईवालीकडे गेले.

“तुला ठाऊक होतं?”

“रोज आठच्या खोलीतून उचलते ना सातचं भांडं. न कळायला काय झालं?”

“मग सांगायचं नाही?”

“सांगत होते. तुम्ही म्हणालात, मध्ये बोलू नकोस.” तिने बोळा पिळला. “आणि मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल. तुम्ही तर सगळं लिहिता.”

त्या दिवसापासून आठ नंबरला दुसरीकडे हलवलं, जाळीखाली फळी ठोकली. काटेमामा दोन्ही वेळा पालथ्या बादलीवर बसून हाताने घास द्यायला लागले. पहिल्या दिवशी तिने तीन घास घेतले. दुसऱ्या दिवशी एक, तोही ओठांवरून परत आला. भाताचा वास बदलून पाहिला, कोमट करून पाहिला, बोटाने हिरडीला लावून पाहिला. पथ्यातलं जे जे ठाऊक होतं ते सगळं केलं. शेजारी बसण्याची वेळ मात्र टळून गेली होती. तेवीस तारखेला, रविवारी सकाळी साडेनऊला ती गेली. मागच्या आवारात पुरली.

काटेमामांनी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलल्या. “मामा, ती तशीही फार काळची नव्हती. आता त्या शिंप्याला हे सांगून काय मिळणार? उद्या दहा लोक आपली कुत्री घेऊन जातील. वहीत सगळं बरोबर आहे ना? मग आजारानं गेली.”

“बरोबर आहे कुठं, बाई? मी भांडं जोखलं. कुत्री जोखली नाही.”

“मामा, जे झालं ते झालं.”

पंचवीसला शिंपी आला. गावाहून थेट, बॅग हातात. डॉक्टरीणबाईंनी फोनवर ती आजारानं गेल्याचं सांगितलेलं होतं, त्यामुळे तो रडूनच आला असावा. आवारात जाऊन आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. बॅगेतून त्याने एक ॲप्रन काढला. दोन खिसे, एका खिशावर पेन अडकवायला वेगळी शिवण.

“लेकीच्या मशीनवर शिवला. गेली हे कळायच्या आधीच शिवला होता. राहू द्या तुम्हाला.”

काटेमामांनी तो घेतला. हात ओले होते, ते त्या नव्या कापडाला लागले.

“मामा, एकच विचारतो. जेवायची का ती?”

मध्ये टेबलावर वही उघडी होती. शिंप्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही, तो काटेमामांच्या तोंडाकडे पाहत होता. डॉक्टरीणबाई आतल्या खोलीत होत्या. सफाईवाली नळापाशी होती, आणि नळ तिने बंद केला होता.

“भांडं रोज साफ यायचं,” काटेमामा म्हणाले.

शिंप्याने मोठा श्वास सोडला. “मग उपाशी नाही गेली. तेवढीच भीती होती मला. आधीच निघून आलो असतो, पण लेकीचं... असो. तुमचे उपकार आहेत.” त्याने वाकून त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि बॅग उचलून गेला.

सफाईवालीने नळ सोडला. “शाबास,” ती भांड्यांकडे बघत म्हणाली.

घरी आल्यावर काटेमामांनी वहिनींना सगळं सांगितलं, इतक्या तपशिलाने की जणू कार्डच वाचून दाखवत होते. वहिनींनी निवडत असलेली भाजी बाजूला केली.

“आणि तुम्ही हे म्हणालात?”

“खोटं नव्हतं ते.”

“खोटं असतं तर बरं झालं असतं, भावजी. खोटं बोलल्याची निदान लाज वाटली असती तुम्हाला.”

“वाटत नाही असं कुणी सांगितलं?”

“मग आत्ता जा. दुकान उघडं असेल त्याचं.”

“जाऊन काय सांगू? उपाशीच गेली म्हणून? तो इतका हलका होऊन गेला, वहिनी. माझ्या डोळ्यांदेखत हलका झाला.”

“तो हलका झाला की तुम्ही?”

काटेमामा चप्पल घालायला उठले, दारापर्यंत गेले, एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले. मग ती काढून पुन्हा जागेवर ठेवली, दुसरीला लागून, सरळ. वहिनी पाहत होत्या.

काटेमामा पुढे चार वर्षं त्या दवाखान्यात होते. कार्ड तसंच राहिलं, नंबर तसेच राहिले. फक्त प्रत्येक भांडं स्वतः नेऊन ठेवायचे आणि ते रिकामं होईपर्यंत तिथेच बसायचे. गुडघे धरले तरी बसायचे. लोक कौतुक करायचे. एक बाई तर म्हणाली, “अशी माया माणसावर तरी कोण करतं!” काटेमामा तिच्यावर इतके ओरडले की डॉक्टरीणबाईंना बाहेर यावं लागलं. शिंप्याच्या दुकानावरून जाणारा जवळचा रस्ता त्यांनी सोडला तो सोडलाच. त्याला त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असंही नाही, कारण त्यांना रोज आठवण होती.

त्या पंचवीस तारखेच्या संध्याकाळी काटेमामांनी आपली वही उघडली नाही. वहिनींनी उघडली, चार तारखेचं पान पुन्हा वाचलं आणि पेनचं टोपण काढलं. मग लिहिलं:

मंगळवार, २५ मार्च. गॅसचा सिलिंडर बदलला. आधीचा एकेचाळीस दिवस पुरला.