दहाव्याचा कावळा

बायकोच्या दहाव्याला आम्ही कर्जतला नदीकाठी पिंड मांडला, पण कावळा काही शिवेना. मेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात, म्हणून जो तो पिंडासमोर हात जोडून तिला काहीबाही कबूल करू लागला. चुलत्यांनी देवीची ओटी बोलली. शेवटी माझी धाकटी बहीण पुढे झाली. "वैनी, आमी दादाचं दुसरं लगीन लावू गं!"

तेवढ्यात स्टेशनात शिट्टी झाली. घाट चढायला दुसरं इंजिन जोडून घेईपर्यंत थांबलेली गाडी सुटली आणि उतारूंच्या शिळ्या भाकरीवर जमलेले सगळे कावळे नदीकडे आले. पिंड क्षणात फस्त!

"तिनं हुकूम दिला रं," चुलते म्हणाले.

"हुकूम कसला? गाडी सुटली," मी म्हणालो.

मी लग्न केलं नाही. ती आता कुठे आहे, मला ठाऊक नाही. पण जिने जन्मभर मला तोंडावर सुनावलं, ती कावळ्याकरवी निरोप धाडायची नाही. पुढे कसं जगायचं ते माझं मीच ठरवलं.

पोरांना एवढंच बजावून ठेवलंय, माझ्या पिंडापुढे काही कबूल करू नका. गाडी जाईस्तोवर थांबा.