कोल्हापूरच्या डॉक्टरांना गाऱ्हाणं

जॉयसी फर्नांडिस मालवणात पंधरा वर्षं एका वकिलाकडे टायपिस्ट होती. समोरचा सांगेल ते एकही शब्द न गाळता टाइप करायची सवय तिला तिथे लागली. २००६ साली ती सोनोग्राफी केंद्रात आली. तिथले डॉक्टर पोट तपासायचे, चित्रं जॉयसी कॉम्प्युटरवरून कोल्हापूरच्या तज्ज्ञांना पाठवायची आणि अहवाल तिकडून यायचा. सोबतच्या फॉर्ममध्ये ‘रुग्णाची तक्रार’ अशी चौकट होती. तिथे ती बहुधा दोनच शब्द लिही: पोटात दुखतं.

देवबागच्या सुगंधाच्या अहवालात आलं, पित्ताशयात खडे, ऑपरेशन करावं. तिला माशांची टोपली उचलवत नव्हती, डोळे पिवळे पडायला लागले होते. तरी ती तयार होईना.

“माका बघूक नाय, माझा ऐकूक नाय, आणि निकाल दिल्यान?”

सगळं सांगून गाऱ्हाणं घातल्याशिवाय देवसुद्धा कौल देत नाही, मग हा कोण, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी तासभर समजावलं आणि कंटाळून ते जेवायला गेले.

सुगंधानं बाळा नावाच्या आपल्या दिराला आणलं. देवळात गाऱ्हाणं तोच घालायचा. त्यानं चपला काढल्या, कॉम्प्युटरला हात जोडले आणि “बा कोल्हापूरच्या डॉक्टर महाराजा” म्हणून सुरुवात केली. सुगंधाचं माहेर, नजर लावणारी शेजारीण, वाटणीत गेलेले दोन माड, खाडीत बुडालेली होडी, सगळं आलं. सोनोग्राफीसाठी पाणी पिऊन, लघवी रोखून बाकावर बसलेले रुग्ण दर वाक्याला कळवळून “व्हय महाराजा” म्हणत होते. जॉयसीनं तीन पानं टाइप केली आणि पाठवून दिली.

संध्याकाळी कोल्हापूरहून फोन आला. माडांचा पित्ताशयाशी काय संबंध, असं तज्ज्ञांनी विचारलं. संबंध नाही, पण तुम्ही वाचलं नाहीत तर बाई मरेल, असं जॉयसीनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नवा अहवाल आला. ‘रुग्णाचं गाऱ्हाणं संपूर्ण वाचलं. माडांबद्दल मत देता येत नाही. खडे आहेत. ऑपरेशन याच आठवड्यात करावं.’

जॉयसीनं तो दोनदा वाचून दाखवला.

“माडांचासुद्धा वाचल्यान?” सुगंधानं विचारलं.

“लिवलानी मा तसा.”

“मगे मनीस बरो आसा.” ती ओरोसच्या सरकारी इस्पितळात जायला गाडी पकडण्यासाठी निघाली आणि दारातून परत वळली. “शेजारणीचा कायच नाय लिवल्यान.”

“ता मागसून विचारूया, बाय,” जॉयसी म्हणाली. “आधी खडे काढून घे.”

हे सुगंधाला पटलं. ती गेली.