एकतीस पत्रकं आणि बलकार सिंगांचा ग्लास

माझी बायको मंजुषा आहारतज्ज्ञ आहे आणि हट्टी आहे. पहिली गोष्ट तिच्या पदवीवर लिहिलेली आहे, दुसरी मला चौतीस वर्षांच्या संसारात कळली. सर्वेक्षण खात्याने माझी बदली अकोल्याहून चंदीगडला केली, तेव्हा तिने तिकडच्या दवाखान्यातली चांगली जागा सोडली. ते तिने मला एकदाही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं. इथे तिला शहरातल्याच मनीमाजरा भागातल्या एका धर्मादाय डायलिसिस केंद्रात काम मिळालं आणि ती तिथेच रमली.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो आणि अकोल्याला परत जायची भुणभुण तिच्यामागे लावली. तिने एका वाक्यात निकाल दिला. माझी पत्रकं चालू आहेत तोवर इथेच, ती बंद पडली तर दुसऱ्या दिवशी सामान बांधू. तेव्हापासून मी तिला रोज सकाळी स्कूटरवर सोडतो आणि केंद्रातल्या बाकावर पेपर वाचत बसतो. पत्रकं बंद पडावीत असं मला मनातून वाटत होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ही पत्रकं म्हणजे पेशंटने घरी काय खायचं, किती प्यायचं याचा कागद. पूर्वी केंद्रात सगळ्यांना एकच छापील इंग्रजी कागद मिळायचा आणि लोक त्यात पराठे गुंडाळून आणायचे. मंजुषाने एआयकडून प्रत्येकाला वेगळं पत्रक लिहून घ्यायला सुरुवात केली, कुणाला हिंदीत, कुणाला पंजाबीत. त्यासाठी एआयला काय सांगायचं याचे तिने एकतीस साचे बनवले, ज्यांना ती प्रॉम्प्ट म्हणते. मधुमेह असलेल्यांचा एक, नवरात्राचे उपवास धरणाऱ्यांचा एक, गुरुद्वाऱ्यात लंगर जेवणाऱ्यांचा एक. तयार झालेलं प्रत्येक पत्रक ती स्वतः वाचून मगच हातात देते.

मग एकदा केंद्राचा फोन नंबर बदलला. तिने सगळे साचे एकेक करून दुरुस्त केले, तरी काही जागा नजरेतून सुटल्या आणि तिघांच्या पत्रकांवर जुनाच नंबर गेला. तेव्हा हिचं डोकं फिरलं. तीन आठवडे ती प्रत्येक साच्यातून सारखे येणारे शब्द उपटत बसली. नंबर काढून तिथे कंसात नुसतं ‘केंद्राचा फोन’, पाण्याचा आकडा काढून तिथे ‘पाणी मर्यादा’. खरी माहिती एकाच यादीत. साचा वापरायच्या वेळी त्या रिकाम्या जागा यादीतून आपोआप भरल्या जायच्या. याला व्हेरिएबल म्हणतात, असं तिने मला समजावलं. मी म्हटलं, आमच्या ऑफिसात याला रिकाम्या जागा भरा म्हणत आणि ते काम शिपाईसुद्धा करायचा. दोन दिवस मला अळणी भाजी मिळाली. पेशंटची भाजी चुकून तुमच्या ताटात आली, म्हणाली.

आता बलकार सिंग. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारे, साठीचे, धिप्पाड. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांचं डायलिसिस असतं. शनिवारनंतर मधे दोन दिवस मोकळे जातात आणि शरीरात पाणी साठतं, म्हणून प्यायला मोजकंच लागतं. पत्रक मिळून आठवडाही झाला नव्हता, तोच मार्चमधल्या एका मंगळवारी त्यांना दोघांनी धरून आणलं. दम लागलेला, पाय सुजलेले, वजन साडेचार किलोने वाढलेलं. ताबडतोब मशीन लावलं, तासाभराने धाप कमी झाली. नर्सबाईंनी त्यांना फैलावर घेतलं. ते बिचारे गुरूची शपथ घेऊन सांगत होते की पत्रकात चार ग्लास लिहिले आहेत, मी चारच प्यालो, चहा आणि लस्सी धरून चार.

केंद्राचे प्रमुख डॉक्टर अंशुमन यांनी पत्रक मागवलं. चार ग्लास, बरोबर लिहिलेलं. त्यांना मुळात हा एआयचा प्रकार फारसा रुचलेला नव्हताच. ते म्हणाले की पेशंट खोटं बोलतोय किंवा हे एआयचं मशीन कुठेतरी गोंधळ घालतंय, दोन्हीपैकी काही असलं तरी पत्रकं आजपासून बंद करू. मी बाकावर बसून हे ऐकत होतो. मनात अकोल्याची गाडी फलाटाला लागली होती.

मंजुषाने कुणाशी वाद घातला नाही. बलकार सिंगांच्या पत्नी घाबरून दारात उभ्या होत्या. घर पलीकडच्याच गल्लीत. मंजुषाने त्यांना सांगितलं, भाईसाहेब ज्या ग्लासाने पितात तोच घेऊन या. त्या पंधरा मिनिटांत ग्लास घेऊन आल्या. स्टीलचा, उंच, हातात वजन जाणवणारा. इकडे लस्सी अशाच ग्लासातून पितात, आम्ही अकरा वर्षं बघत होतो. मंजुषाने तो काठोकाठ भरून मोजपात्रात ओतला. चारशे पंच्याहत्तर मिलीलीटर.

आमच्या अकोल्याच्या घरातला ग्लास दोनशेचा. तिने पत्रकात चार ग्लास लिहिले ते त्या ग्लासाने. बलकार सिंग इमानदारीत दुपटीहून जास्त पाणी पीत होते.

तिचा चेहरा पडलेला मला दिसला. ती डॉक्टरांच्या खोलीकडे निघाली तेव्हा मी आडवा गेलो आणि हळूच म्हटलं की मशीनचं चुकलं असं ते म्हणतातच आहेत, तर म्हणू दे. घरी आम्ही वऱ्हाडीत बोलतो. तिथेही ती तशीच बोलली.

“मशीनले काहून बोल लावायचा? ग्लास माहा होता.”

दार उघडंच होतं. तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं, मोजपात्र त्यांच्या टेबलावर ठेवून. डॉक्टरांनी पात्र उचलून आकडा वाचला. मग म्हणाले की चूक समजली ते चांगलं झालं, पण असेच चार ग्लास एकतीस साच्यांत असणार. ते सगळं पुन्हा लिहायला महिना जाईल, तोवर जुना इंग्रजी कागद चालू करू.

“सर, दोपहर तक का टाइम दीजिए,” मंजुषा म्हणाली.

त्यांना ते खरं वाटलं नाही. मलाही नाही. तिने लॅपटॉप उघडला आणि पहिल्यांदा मी पेपर बाजूला ठेवून तिच्या शेजारी जाऊन बसलो. यादीत ‘पाणी मर्यादा’ समोर ‘चार ग्लास’ होतं. ते पुसून तिने लिहिलं की डॉक्टरांनी ठरवलेले मिलीलीटर इथे येतील, आणि ते घरच्या ग्लासाने किती होतात तेही. त्याखाली एक नवी ओळ घातली, ‘घरचा ग्लास’. त्यात पेशंटच्या घरून आणलेल्या ग्लासाचं इथे मोजलेलं माप. मग सगळ्या साच्यांत ‘ग्लास’ हा शब्द शोधला. एकाच ठिकाणी सापडला, उन्हाळ्याच्या साच्यात. तो जुना होता, हाताने लिहिलेला राहून गेला होता. तिथेही तिने रिकामी जागा घातली. बाकीचे तीस तिने उघडलेसुद्धा नाहीत.

जेवणाच्या सुट्टीआधी, नमुन्याला बलकार सिंगांच्या ग्लासाचं माप घालून, एकतीस साच्यांतून एकेक पत्रक छापून डॉक्टरांसमोर ठेवलं. हिशेब एआयवर न सोडता प्रत्येक आकडा तिने कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिला होता. डॉक्टरांनी मधूनच उपवासाचं काढलं, लंगरचं काढलं, मधुमेहाचं काढलं. सगळीकडे माप बरोबर. पंजाबी पत्रक त्यांनी बलकार सिंगांच्या पत्नीला मोठ्याने वाचायला लावलं. त्यात लिहिलं होतं की तुमच्या स्टीलच्या ग्लासाने दिवसाला दोन ग्लासांपेक्षा थोडं कमी, चहा, लस्सी, पातळ डाळ सगळं धरून. त्या वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, “एह तां साडे घर दी गल्ल ए.” ही तर आमच्या घरची गोष्ट आहे.

डॉक्टरांनी पत्रकं चालू ठेवली. आणखी एक केलं. नव्या पेशंटने पहिल्या दिवशी घरचा ग्लास सोबत आणायचा, अशी सूचना दारावर लावली.

पुढच्या मंगळवारी, मधले दोन दिवस उलटून, बलकार सिंग स्वतःच्या पायांनी आत आले. वजन दोन किलोच्या आत वाढलेलं. मंजुषाने त्यांच्यासमोर हात जोडले आणि गेल्या मंगळवारची चूक माझी होती, असं सगळ्या वॉर्डासमोर सांगितलं. मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला की मी उगाच चष्मा पुसत बसलो. त्याच संध्याकाळी अकोल्याला धाकट्या भावाला, रामचंद्रला, फोन करून सांगितलं की आमची वाट बघू नकोस.

आता बाकावर माझ्या शेजारी लोक पिशव्या घेऊन बसलेले असतात आणि पिशव्यांत ग्लास असतात. पितळी, काचेचे, एकाचा तर हँडलवाला मग. परवा सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवरून थेट आलेले एक संगरूरचे गृहस्थ ग्लास मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, आपण पेशंट का? मी नाही म्हटलं. मग इथे आपलं कोण आहे? तीस वर्षं सरकारी वसाहतीत मंजुषाला सगळे सर्व्हेवाल्या साहेबांची मिसेस म्हणत आले होते.

“मैं मंजुषा मैडम का घरवाला हूँ जी,” मी म्हटलं, आणि त्यांना तिचं टेबल दाखवायला उठलो.