किल्ली माझ्याकडे नव्हती

माझे आबा अमळनेरला एका तेलगिरणीच्या गोदामात हमाल होते. शेंगदाण्याची गोणी कमी भरली की मुकादम आमच्या वस्तीतल्या हमालांना रांगेत उभं करायचा आणि कमरेचा पट्टा काढून फोडायचा. गोदामाची किल्ली आबांकडे असायची, म्हणून सुरुवात आबांपासून. एकदा ते घरी आले तेव्हा कानाची पाळी फाटून लोंबत होती. ती गोणी दुसऱ्या दिवशी शेठच्याच भाच्याकडे सापडली. आबा परत कामावर गेले, पण किल्ली त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही.

मी बी.कॉम. झालो. आमच्या घरातला पहिला आणि वस्तीतलाही पहिला. हे मी मुद्दाम सांगतो, कुणाला फुशारकी वाटली तर वाटो. धुळ्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून लागलो. तिथं रोज एक प्रकार बघायचो. बदली झालेल्या नोकरदाराचं सामान ट्रकमधून उतरायचं, पण नव्या गावात खोली मिळालेली नसायची. कपाट, पलंग, पोरांची सायकल, सगळं धक्क्यावर उन्हात तापत पडायचं. "महिनाभर कुठं तरी राहू द्या हो," म्हणून बायामाणसं हातापाया पडायची आणि आमचे मालक त्यांना हाकलून द्यायचे. व्यापाऱ्यांच्या मालाला गोदामं होती. साध्या माणसाचा संसार ठेवायला जागा कुठंच नव्हती.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आबा गिरणीतून सुटले होते. त्यांचे सुटलेले पैसे आणि माझी शिल्लक घालून धुळ्यातच देवपूरच्या शेवटच्या घरांपलीकडे आम्ही एक तुकडा घेतला. पत्रे आणि लोखंडी दारं बंद पडलेल्या एका गिरणीच्या भंगारातून उचलली. आठ गाळे उभे राहिले. एका दारासारखं दुसरं दार नव्हतं.

किल्लीचा नियम आबांचा.

"दुसरानी किल्ली आपला खिसामा ठेवानी नही," ते म्हणाले. "माल गया का पहिले आपलाच खिसा तपासतस."

म्हणून मी पाटीवर रंगवून घेतलं : कुलूप तुमचं, किल्ली तुमची. लोक हसायचे. एक गुरुजी म्हणाले, "मग तू काय राखतोस, वारा?" कुणी दुसरी किल्ली जबरदस्तीनं टेबलावर ठेवायला बघायचं, मी ती परत करायचो. धान्य मात्र आमच्याकडे कुणी ठेवलं नाही. कपाट चालायचं, कूलर चालायचा, पण ज्वारी आमच्या छपराखाली नको. कारण कुणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही.

वर्ष झालं तरी एका वेळी आठातले दोनच गाळे भाड्यानं जायचे. तेव्हा एकात त्या गुरुजींचे पलंग होते, दुसऱ्यात एका बाईचं सामान.

ही बाई टेम्पोतून आली होती. सोबत एक पत्र्याची पेटी, थोडी भांडी आणि शिलाई मशीन. डावा डोळा सुजून बंद झाला होता. नवऱ्याचं घर सोडून जळगावला बहिणीकडे निघाली होती, पण बहिणीच्या खोलीत पाय पसरायला जागा नव्हती. "स्वतःची खोली मिळाली की मशीन नेईन. ब्लाउज शिवून पोट भरता येईल," म्हणाली. मग विचारलं, "भाऊ, दुसरी किल्ली तुमच्याकडे नसते ना?"

"नाही, ताई."

"नक्की ना?"

तिनं तीनदा विचारलं. मला राग आला. शिकलेल्या माणसावर इतका अविश्वास!

मे महिन्यात, भर दुपारी, एक जीप आली. तिचा नवरा, त्याचा थोरला भाऊ आणि गाडी चालवणारा. पत्ता बहुतेक टेम्पोवाल्यानं दिला असावा. आबा नळावर पाणी आणायला गेले होते. नवऱ्यानं दाराच्या फटीतून मशीन ओळखली, जीपच्या जॅकचा दांडा घालून कुलूप पिळून बघितलं, पण ते तुटलं नाही.

"किल्ली काढ," थोरला म्हणाला.

"मन्हाजोडे किल्ली नही शे, भाऊ."

"गोदाम तुन्हं अन् किल्ली नही? आम्हले येडा समजस का?" त्यानं तोंडावर ठोसा मारला. पुढचा दात ओठात घुसला. "एवढं कॉलेज शिकना, खोटं बी धड बोलता येस नही!" मग तो जातीवर गेला. ते शब्द मी इथं लिहीत नाही.

त्यांनी माझा शर्ट फाडला, खिसे उलटे केले, टेबलाचा खण जमिनीवर ओतला. खणात सहा रिकाम्या गाळ्यांच्या बारा किल्ल्या होत्या. माझ्याच कुलपांच्या. त्या बघून थोरला खूश झाला. नवरा एकेक किल्ली तिच्या कुलपाला लावायचा, ती लागायची नाही, आणि थोरला जॅकचा दांडा माझ्या पाठीत घालायचा. मी ओरडून सांगत होतो की त्या किल्ल्या या कुलपाच्या नाहीत. "मग कोनती?" असं विचारून तो पुढची लावायला सांगायचा. बारा किल्ल्या, बारा दांडे. सातव्याला माझी लघवी झाली.

मशीन घरी नेली की बायको आपोआप परत येईल या हिशोबानं नवरा एवढंच बडबडत होता, "मशीन घर उनी का ती बी मांगे येई."

बारा संपल्यावर थोरल्यानं शेजारच्या रिकाम्या गाळ्याचं दार उघडलं, माझा उजवा हात चौकटीवर दाबून धरला आणि ड्रायव्हरला सांगितलं, "लोट." लोखंडी दार होतं. कडकन मोडल्याचा आवाज आला. तो मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली.

दुसऱ्यांदा दार लोटणार तेवढ्यात आबा आले. कळशी तिथंच पडली. गोण्या ओढायचा हमालांचा आकडा आबांनी गिरणी सुटल्यावरही कमरेला ठेवला होता. "मन्हा पोऱ्याले सोड," एवढं म्हणाले आणि आकडा थोरल्याच्या मांडीत घालून गोणी ओढावी तसा ओढला. तो जनावरासारखा ओरडला. फाटलेलं धोतर आणि मांस एकत्र बाहेर आलं. समोरच्या गॅरेजमधली माणसं धावून येईपर्यंत जीप निघून गेली होती. कुलूप जागेवर होतं.

त्यांनी उलटी तक्रार केली. आबा दोन दिवस कोठडीत होते. हवालदार मला म्हणाला, "देऊन टाकायची होती ना किल्ली. कोणाच्या बायकोसाठी एवढं?" प्लास्टर घालताना माझी बायको हळूच म्हणाली, "खरं सांगा, होती ना?" कोठडीच्या गजांमागून आबांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या हाताचा नव्हता. "मशीन शे ना जागावर?"

"शे."

"मंग बस."

पंधरा दिवसांनी ती बाई आली. जळगावला खोली मिळाली होती. तिनं कुलूप उघडलं. ती मशीनजवळ उकिडवी बसली, पदरानं धूळ पुसली, चाक फिरवून बघितलं. मग माझ्या प्लास्टरकडे बघून रडायला लागली. "तुम्ही जीव द्यायला निघालात, भाऊ, पण किल्ली दिली नाही."

गावभर हेच चाललं होतं. ऐकायला बरं वाटत होतं, हेही कबूल करतो. पण तिच्यापुढे तोंडातून निघून गेलं, "ताई, असती तर दिली असती. तिसऱ्या दांड्यालाच दिली असती."

मला वाटलं, आता ही तोंड फिरवील.

ती नाक पुसत म्हणाली, "म्हणून तर तीनदा विचारलं होतं. याआधी मी पेटीची किल्ली सख्ख्या भावाकडे ठेवली होती. त्यानं यांना देऊन टाकली. त्याला तर कुणी मारलंही नव्हतं. नुसता चहा पाजला."

मशीन टेम्पोत चढवायला मी डावा हात लावला. आबांनी दोर आवळला.

त्या पावसाळ्याच्या आत उरलेले सगळे गाळे भरले. नवीन माणूस आला की पाटी वाचायच्या आधी माझ्या हाताकडे बघायचा. दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. कुणी टेबलावर दुसरी किल्ली ठेवली तर ती मी त्याच बोटांनी परत सरकवतो.