बंद हाय

सहदेव वायरमन भित्रे आहेत, हे कशेळ्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायांनाही ठाऊक आहे. खांबावर चढायच्या आधी ते बोटांच्या मागच्या बाजूने लोखंडाला हळूच शिवून बघतात, तापलेल्या तव्याचा अंदाज घ्यावा तसं. मग वर बघतात, पट्टा ओढून बघतात, बुटाची नाडी पुन्हा बांधतात. तोवर खाली जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, की वायरमन चढतायत का मुहूर्त बघतायत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. सहदेवदादांच्या पाठी अकरा हजार व्होल्ट असतात, एवढाच फरक.

मी रोहिणी. माहेर आणि सासर दोन्ही भिवपुरीचंच. आयटीआय केलं आणि सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून लागले. आमचं काम सांगायला सोपं आहे. गावागावांना जाणाऱ्या लायनी आमच्या पॅनलवरून चालू-बंद होतात. वायरमनला वर काम करायचं असलं की तो फोन करतो, आम्ही लाइन बंद करतो आणि बंद झाली असं त्याला सांगतो. त्या सांगण्यावर तो तारेला हात घालतो.

म्हणून मी किरकिर करते. कोण बोलतंय, कुठला खांब, बरोबर कोण, परत सांगा, नीट सांगा. घरी मीही हाय-नायच बोलते, पण पॅनलसमोर उभी राहिले की पुस्तकातलं बोलते. 'कशेळ्याची लाइन, अकरा केव्ही, सबस्टेशनवरून बंद केली आहे.' यावरून मला नाव पडलं, बातम्यावाली. कुणी फोन उचलला की विचारतात, बातम्या लागल्यात का आज? लागू देत. मला त्याचं काही वाटत नाही.

सहदेवदादा मात्र मला भितात. तसे ते सगळ्यांनाच भितात. साहेबांना, सरपंचाला, मोठ्याने बोलणाऱ्या कुठल्याही माणसाला. भेटले की आधी तेच मला 'जयभीम रोहिणी' म्हणतात आणि मी त्यांना 'रामराम दादा' म्हणते, पण नजर माझ्या पायांवर. एकच गोष्ट त्यांना जन्मात जमली नव्हती, ती म्हणजे कुणाला दुसऱ्यांदा विचारणं. पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही तरी मान हलवायची. समोरच्याला वाटेल आपण त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, त्याला राग येईल, हा घोर.

त्यांचं गाव कोंडाण्याच्या लेण्यांच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. घरची भातशेती. वडील म्हणायचे, पोरगं बैलालाही विनंती करून हाकतं. हे पोरगं वायरमन झालं आणि पहिल्याच वर्षी त्याच्या डोळ्यांसमोर येसाजी नावाचा जुना वायरमन खांबावर तारेला चिकटून गेला. लाइन बंद आहे असं दोघांनीही ऐकलं होतं. कुणी सांगितलं, कसं सांगितलं, याचा पुढे पत्ता लागला नाही. शिडी सहदेवदादांनी धरली होती. ते यावर कधी बोलत नाहीत. त्यांच्या बायकोने, रूपावहिनीने, मला एकदा सांगितलं, की घरात मिक्सर लागला तरी हे दचकतात. मी हसले नाही. मलाही माझ्या बोटाखालच्या बटणाची रोज भीती वाटते, फक्त मी ती आरडाओरडा करून झाकते.

आता प्रवीणबद्दल. प्रवीण माझ्या आधीच्या पाळीचा ऑपरेटर, सहदेवदादांचा जिवाभावाचा दोस्त. माणूस सोन्यासारखा. कुणाचं अडलं तर रात्री-अपरात्री धावणारा, डब्यातलं अर्धं दुसऱ्याला देणारा. त्याला 'थांब, बघून सांगतो' एवढंच म्हणता येत नाही. समोरचा जे म्हणेल त्याला होला हो. तुम्ही म्हणा पाऊस येईल, तो म्हणणार येईल. तुम्ही म्हणा नाही येणार, तर कसला येतोय! सगळ्या वायरमन लोकांना प्रवीणची पाळी आवडायची. फोन केला की काम झालंच. माझ्या पाळीत त्यांना उलटतपासणी द्यावी लागे.

गेल्या मार्चमध्ये आम्हा सगळ्यांना खालापूरला एका हॉलमध्ये बसवलं. पुण्याहून एक बाई आल्या होत्या. विषय होता, स्वभाव ओळखा आणि एकत्र काम करा. आम्ही म्हटलं चला, एक दिवस पंख्याखाली जाईल. बाई हुशार होत्या. त्यांनी भाषण दिलं नाही, आम्हाला हॉलच्या चार कोपऱ्यांत उभं केलं. काम आधी उरकणारे एका कोपऱ्यात, माणसं सांभाळणारे दुसऱ्यात, खात्री केल्याशिवाय न हलणारे तिसऱ्यात, वाद नको म्हणून गप्प बसणारे चौथ्यात. मी न सांगता तिसऱ्यात गेले. प्रवीण दुसऱ्यात जाऊन टाळ्या वाजवत होता. सहदेवदादा हॉलच्या मधोमध, कुठे गेलो तर कुणाला वाईट वाटेल या विचारात. बाई हसून म्हणाल्या, तुम्ही चौथ्यातले, या इकडे.

मग जोड्या पाडल्या. पाठीला पाठ लावून बसायचं. एकाच्या हातात चित्र, त्याने ते बोलून सांगायचं, दुसऱ्याने न बघता काढायचं. दुसऱ्याने हवं ते विचारावं, पहिल्याने हवं तितकं समजावावं. प्रवीण सांगणारा, सहदेवदादा काढणारे. दादा अडले की नुसतं 'म्हंजे असं?' म्हणत आणि प्रवीण चित्राकडे न बघताच म्हणे, 'हां, असंच.' दादांनी पुढे विचारलं नाही. सगळ्यांत आधी यांचंच उरकलं. चित्र होतं घर आणि त्यापुढे विहीर. दादांच्या कागदावर आलं होतं शेळीसारखं काहीतरी. हॉल फुटेस्तोवर हसला, प्रवीण तर डोळे पुसत होता.

बाई हसल्या नाहीत. त्या दोघांना एवढंच म्हणाल्या, की तुम्ही दोघंही चांगली माणसं आहात, पण एक कधी 'नाही' म्हणत नाही आणि दुसरा कधी परत विचारत नाही. ही जोडी गप्पांना छान. कामाला बसवताना मला भीती वाटेल. परतीच्या जीपमध्ये सगळे शेळीवरून चिडवत होते. सहदेवदादा खिडकीशी बसून हाताचे तळवे पँटला पुसत राहिले.

मे महिन्यातली गोष्ट. दुपारी उकाड्याने जीव नकोसा झाला होता. कशेळ्याच्या पुढे एका पोल्ट्रीकडे जाणाऱ्या लायनीच्या तारेचा जोड खांबावर तुटला. पोल्ट्रीचे पंखे बंद. अशा उन्हात पंखे बंद राहिले की कोंबड्या माना टाकायला लागतात, आणि मालक माणसांच्या माना धरायला. रस्त्याच्या तोंडाशी खांबावरच एक दांड्याचा स्विच आहे, तिथून पुढची लाइन जागच्या जागी बंद करता येते. तो त्या दिवशी गंजून अडकला होता, हे प्रवीणला ठाऊक नव्हतं. म्हणजे लाइन सबस्टेशनवरूनच बंद करायला हवी होती. तारेत वीज नाही ना हे बघायचा आमचा रॉड दुसरी टोळी खालापूरच्या कामावर घेऊन गेली होती. उरला फक्त फोन.

मी पाळीवर जरा लवकरच पोचले. प्रवीण डबा धूत होता. मला बघून म्हणाला, बरं झालं आलीस, सहदेव पोल्ट्रीजवळ चढलाय, हेल्पर आहे खाली, त्यांचं उरकलं की चहा पिऊ. मी सवयीने पॅनलकडे पाहिलं. कशेळ्याच्या लायनीचा दिवा लाल होता. लाल म्हणजे चालू. काटाही वर होता.

मी विचारलं, लाइन चालू कशी?

"अगं, त्यानं खांबावरनं बंद केलीय ना," प्रवीण म्हणाला. "त्यानंच सांगितलं फोनवर. बंद हाय, म्हणला. मी बी म्हटलं, बंद हाय."

आमच्या बोलीत विचारायचं असलं तरी 'बंद हाय' आणि सांगायचं असलं तरी 'बंद हाय'. फरक फक्त शेवटी आवाज किती उचलला त्याचा. आणि सहदेवदादांचा आवाज कधी उचलला जातच नाही. रेंज तुटत असेल, मागे पोल्ट्रीवाला ओरडत असेल. त्यांनी विचारलं असेल, बंद हाय? याने ऐकलं, बंद हाय. याने तेच त्यांना परत दिलं आणि त्यांना ते उत्तर वाटलं.

मी म्हटलं, ते कसं म्हणाले ते म्हणून दाखव.

प्रवीण म्हणाला, 'बंद हाय.' मग थांबला. ओठ हलवून परत एकदा म्हणाला आणि या खेपेला शेवट वर गेला. त्याच्या हातातला डबा खाली पडला.

मी तोवर लाइन पाडली होती. कुणाला विचारलं नाही, साहेबांना कळवलं नाही. दिवा हिरवा झाला. कशेळे आणि पलीकडच्या सगळ्या वाड्या अंधारात गेल्या, म्हणजे दिवसाचा अंधार, पंखे आणि पंप बंद. मग मी दादांना फोन लावला.

रिंग जात राहिली. उचलला नाही. परत लावला. फोन खिशात असेल, दोन्ही हात कामात असतील. किंवा फोन खिशात असेल आणि खिसा वर लोंबकळत असेल. येसाजींना खाली काढायला किती वेळ लागला होता, ते मी ऐकलेलं होतं. हिरवा दिवा दिसत होता, पण तो आधी हिरवा झाला का आधी दादांचा हात गेला, हे दिव्याला कुठलं कळायला. प्रवीण जमिनीवर बसला होता. मला त्याला लाथ मारावीशी वाटत होती आणि जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. मागे शिव्या चालल्या होत्या.

"बोल, रोहिणी."

माझं पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेलं. "दादा, कुठं हाय तुमी?"

"खालीच हाय. खांबाशी बसलोय."

"चढला व्हता?"

"नाय."

मला रडू फुटलं. मग त्यांनी हळू आवाजात जे सांगितलं ते असं. प्रवीणने बंद हाय म्हटलं आणि त्यांनी पट्टा बांधला. पाय वर ठेवणार तेवढ्यात त्यांना ती पाठ आठवली, हॉलमध्ये टेकलेली. आपण विचारतो आणि प्रवीण आपलंच म्हणणं आपल्याला परत देतो. परत विचारावं तर तो परत तेच देणार, आणि आपण परत मान हलवणार. मग ते बसले, माझी पाळी सुरू व्हायची वाट बघत. पोल्ट्रीवाल्याने कॉलर धरली, भेकड म्हणाला, आईवरून बोलला. आयुष्यभर माणसांच्या रागाला भ्यालेला हा माणूस त्या रागाखाली खांबाला पाठ टेकून बसून राहिला.

"प्रवीणला यातलं काय सांगू नको गं," ते म्हणाले. "त्याच्या मनाला लागंल."

फोन स्पीकरवर होता. प्रवीण माझ्या पायाशीच बसून सगळं ऐकत होता.

मग ते म्हणाले, "आता तू सांग."

मी इतकी वर्षं हे वाक्य म्हणत आले आहे. त्या वेळी ते तोंडातून निघेना. मी सांगणार आणि एक जिवंत माणूस त्यावर चढणार. मी परत पॅनलशी गेले, दिवा पाहिला, काटा पाहिला, चुकूनही कुणाला चालू करता येऊ नये म्हणून स्विचचा गाडा पूर्ण बाहेर ओढला, 'काम चालू'ची पाटी अडकवली. मग म्हटलं, कशेळ्याची लाइन सबस्टेशनवरून मी स्वतः बंद केली आहे.

आणि सहदेवदादांनी पहिल्यांदाच मला ते म्हटलं.

"परत सांग."

मी परत सांगितलं. त्यांनी फोन बंद न करताच खिशात टाकला. मला पट्ट्याची कडी वाजलेली ऐकू आली, बूट लोखंडावर घासलेले ऐकू आले, मग त्यांचा श्वास. मी पॅनलला पाठ लावून उभी राहिले. प्रवीण पाण्याचा तांब्या घेऊन आला, तर मी त्याला जवळ येऊ दिलं नाही. तोही समजला आणि दारातच उभा राहिला. वर पक्कड वाजत होती. पक्कड थांबली की माझा श्वास थांबायचा.

शेवटी आवाज आला, काम झालं, उतरलो, लाइन सोड.

माझा हात पाटी काढायला गेला आणि तिथेच राहिला. उतरलो म्हणजे जमिनीवर, का शेवटच्या पायरीवर? बरोबरचा माणूस कुठे? मी म्हटलं, दादा, परत सांगा.

"सहदेव बोलतोय. जमिनीवर हाय. दोघं बी जमिनीवर हाय."

आवाज स्वच्छ होता, ठाम होता, रेंजही चांगली होती. तरी मी पाटी काढली नाही. मी म्हटलं, अजून एकदा.